सोयीच्या बाजूला झुकलेले आकडे

माझा पहिला शोधनिबंध चुकीचा आहे. तो छापून आला त्याला बरीच वर्षं झाली, तरी अजून अधूनमधून कुणीतरी त्याचा दाखला देतं आणि तसा ईमेल माझ्याकडे येतो. तरुण सहकारी अभिनंदन करतात. मी आभार मानते आणि विषय बदलते.

मी हिमनद्यांचा अभ्यास करते. सातारा जिल्ह्यातल्या मुलीनं हा उद्योग कुठून शोधून काढला, हे मला अजूनही लग्नाकार्यात विचारलं जातं. खरं उत्तर फारसं रोमांचक नाही. पुण्यात भूशास्त्र शिकत होते, आसपास सगळा काळा बेसाल्ट, आणि हिमोढ, यू आकाराची दरी, लटकती दरी हे सगळं आकृत्या पाठ करून परीक्षेत उतरवायचं. न पाहिलेल्या गोष्टीवर इतके गुण मिळतात, तर ती एकदा पाहावी तरी, एवढंच डोक्यात होतं. पाहिली ती हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पितीत, चंद्रा नदीच्या खोऱ्यात. पांढरी तर मुळीच नव्हती. मळकट दगडधोंड्यांचा लांबच लांब पसारा, आणि खाली बर्फ आहे हे कळणार कधी, तर पायाखालून पाण्याचा आवाज आल्यावर.

त्या हिमनदीचं नाव इथं देत नाही. तिच्यावर काम केलेली माणसं इतकी थोडी आहेत की नाव घेतलं तर सगळे ओळखू येतील, आणि चुका माझ्या आहेत. वाचकाला ठिकाण समजावं म्हणून एवढंच सांगते, की त्याच खोऱ्यात छोटा शिग्री आहे. साधारण नऊ किलोमीटर लांबीची ही हिमनदी २००२ पासून दरवर्षी न चुकता मोजली जाते, आणि भारतात या शास्त्रात जे थोडं खात्रीनं सांगता येतं त्यातलं बरंचसं तिच्यामुळे. आमची हिमनदी तिच्यापेक्षा लहान आहे.

तर पहिला निबंध. प्रश्न सोपा होता: चाळीसेक वर्षांत ही हिमनदी किती आकसली? आजची हद्द उपग्रहचित्रावरून काढता येते. जुनी हद्द कुठून आणायची? सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरून, म्हणजे टोपोशीटवरून. सीमेजवळच्या भागाची ही शीट तेव्हा सहजासहजी मिळत नसत. अर्ज, विभागप्रमुखांचं पत्र, हमीपत्र, मग वाट पाहणं. इतक्या खटपटीनं मिळालेल्या कागदावर शंका घ्यावी असं मनातही येत नाही. एक ते पन्नास हजार प्रमाणाचा तो नकाशा साठच्या दशकातल्या हवाई छायाचित्रांवरून केलेला होता. मी त्यावरची निळी रेघ संगणकावर गिरवली, आजची हद्द तिच्यावर ठेवली, वजाबाकी केली. उत्तर धक्का बसण्याजोगं आलं. त्या काळात हिमनद्या वेगानं संपत आहेत असंच सगळीकडे बोललं जात होतं, त्यामुळे धक्का मला बसला नाही, मार्गदर्शकांना बसला नाही, परीक्षकांनाही बसला नाही. लेख झटपट स्वीकारला गेला.

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेचे कोरोना नावाचे हेर उपग्रह आकाशातून छायाचित्रं काढत असत. ती १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. बऱ्याच वर्षांनी, भलत्याच कामासाठी, मी आमच्या भागाची अशी एक पट्टी मागवली आणि सहज म्हणून जुनी निळी रेघ तिच्यावर टाकली. वरच्या बाजूच्या दोन उपदऱ्या नकाशात हिमनदीचा भाग म्हणून निळ्या रेघेच्या आत होत्या. कोरोनाच्या चित्रात तिथं उघडा खडक होता. नकाशासाठी हवाई छायाचित्रं घेतली तेव्हा त्या उतारांवर त्या हंगामाचं हिम पडून होतं. वरून पाहणाऱ्या माणसाला पांढरं ते सगळं हिमनदी वाटलं आणि त्यानं रेघ ओढली. साठच्या दशकात तिथं हिमनदी नव्हतीच, मग ती आकसणार कुठून? हिमनदी घटली होती हे खरं, पण मी छापलं होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी. टोपोशीटमधला हा दोष पुढे इतरांनीही वेगवेगळ्या खोऱ्यांत दाखवून दिला. मी एकटी फसले नव्हते, असं म्हणून स्वतःची समजूत घालता येते.

ती फार काळ टिकत नाही, कारण खरी चूक पुढे आहे. नकाशातला दोष मला कळला तेव्हा नोकरीत कायम होण्यासाठीचा माझा अर्ज निवड समितीपुढे होता. त्यातला सगळ्यांत जास्त दाखले मिळालेला लेख हाच. दुरुस्तीची टीप नियतकालिकाला पाठवायची तर दोन परिच्छेदांचं काम होतं. मी ती पाठवली नाही. नंतरच्या एका लेखात, तळटिपेत, ‘पूर्वीच्या अनुमानात सुधारणा आवश्यक आहे’ असं लिहिलं. कर्ता नसलेलं वाक्य किती उपयोगी असतं, हे मराठी शाळेतल्या कर्मणी प्रयोगाच्या धड्यानंतर मला पुन्हा तेव्हा कळलं. दुरुस्ती अखेर रीतसर पाठवली, पण नोकरी पक्की झाल्यावर. ती वाचतं कोण? दाखले अजून मूळ लेखालाच मिळतात.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. २००७ साली आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाचा, चौथा अहवाल आला. त्याच्या दुसऱ्या खंडात एक वाक्य होतं, की आजच्या गतीनं हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात माझं व्याख्यान होतं. मी ते वर्ष मोठ्या अक्षरांत पडद्यावर लावलं. सभागृह गप्प झालं आणि मला बरं वाटलं. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतले एक निवृत्त गणित शिक्षक उठले. त्यांनी विचारलं, “ताई, गंगोत्री किती लांब आहे?” म्हटलं, तीस किलोमीटर. “आणि वर्षाला किती मागं सरकते?” साधारण वीस मीटर. “मग पंचवीस वर्षांत अर्धा किलोमीटर. उरलेली साडेएकोणतीस कुठं जाणार?”

मी काय उत्तर दिलं ते लिहायला लाज वाटते. हिमनदी फक्त तोंडाकडून जात नाही, जाडीतही घटते, असं म्हणाले. हे खरंच आहे. पण मग जाडीचा हिशोब तरी मी करायला हवा होता. मोठ्या हिमनद्यांत बर्फ शे-दोनशे मीटर आणि त्याहूनही जाड असतो. छोटा शिग्रीसारख्या हिमनदीची सरासरी घट वर्षाला पाण्याच्या मापानं अर्ध्या मीटरच्या आसपास आहे. म्हणजे पंचवीस वर्षांत बारा-तेरा मीटर. हा चौथीच्या मुलाचा गुणाकार आहे. मी हिमशास्त्राची डॉक्टर होते आणि तो केला नव्हता.

नोव्हेंबर २००९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेले ज्येष्ठ हिमशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचा चर्चानिबंध पर्यावरण मंत्रालयानं प्रसिद्ध केला. हिमनद्या असाधारण वेगानं मागे हटत असल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, असा त्याचा सूर होता. त्यावर मोठा गदारोळ झाला. मग जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीनं २०३५ चं विधान पुरेशा आधाराविना छापलं गेल्याचं मान्य करून खेद व्यक्त केला. ते विधान एका पर्यावरण संस्थेच्या अहवालातून आलं होतं, आणि त्या अहवालात ते एका मासिकातल्या बातमीवरून. रीतसर तपासलेला शोधनिबंध मुळाशी कुठंच नव्हता. त्या गुरुजींचा पत्ता शोधून मी पत्र लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

त्यानंतर मी बदलले. आणि इथून पुढची चूक मला जास्त सतावते, कारण ती करताना मी स्वतःला सावध समजत होते. २०१० नंतर आमच्या वर्तुळात घाबरवणारा आकडा सांगणं म्हणजे उथळपणा, आणि छोटा आकडा सांगणं म्हणजे प्रौढपणा, अशी हवा झाली होती. मीही प्रौढ व्हायचं ठरवलं.

फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानानं रडारनं पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली. त्या उंचीच्या नकाशातून नंतरच्या उपग्रहचित्रांवरून काढलेली उंची वजा केली, की मधल्या काळात हिमनदी किती खचली ते कळतं. मी ते केलं. घट फारच थोडी निघाली. मी खूश झाले. यात एक खोच आहे, आणि ती मला माहीत होती. त्या रडारच्या लहरी कोरड्या हिमाच्या पृष्ठभागावरून परत फिरत नाहीत, आत शिरतात, काही ठिकाणी कित्येक मीटर. फेब्रुवारीत हिमालयात उंचावर हिम कोरडंच असतं. म्हणजे २००० सालचा पृष्ठभाग होता त्याहून खाली दिसतो, आणि पुढची घट आपोआप कमी भरते. परीक्षकानं हाच प्रश्न विचारला होता. ‘आमच्या क्षेत्रात हा परिणाम नगण्य आहे’ असं मी उत्तर दिलं. कशाच्या आधारावर? कशाच्याच नाही. परीक्षकानं ते मान्य केलं. २०१२ च्या सुमारास इतरांनी लेसर उपग्रहाच्या मोजमापांशी ताडून दाखवलं, की हिमालयात आणि काराकोरममध्ये हा परिणाम मुळीच नगण्य नाही.

उपग्रह लांब राहिले, जमिनीवर तरी काय वेगळं घडत होतं? हिमनदीच्या खालच्या भागात वितळ मोजायची पद्धत जुनी आणि साधी आहे. वाफेच्या ड्रिलनं बर्फात आठ-दहा मीटर खोल भोक पाडायचं, त्यात काठी घालायची, आणि ती पृष्ठभागावर किती उघडी राहते ते दर महिन्याला मोजायचं. काठी जितकी जास्त उघडी पडेल तितका बर्फ गेला. वरच्या भागात खड्डे खणून साठलेल्या हिमाची खोली आणि घनता घ्यायची. सप्टेंबरअखेर जमाखर्च मिटवायचा, एक ऑक्टोबरपासून नवं जलवर्ष. आम्ही बांबू वापरत होतो. एका वर्षी मी अॅल्युमिनियमचे पाइप आणले, कारण ते हलके, तुकड्या-तुकड्यांनी जोडता येणारे, आणि पाठीवर वाहणाऱ्या माणसांना सोयीचे. धातू उन्हात तापतो. ती उष्णता खाली उतरते, बुडाशी बर्फ सुटतो आणि पाइप हळूहळू आत बसतो. म्हणून पाइपच्या बुडाला लाकडी बूच ठोकायचं असतं. हे पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक माझ्या टेबलावर होतं.

त्या पुस्तकाआधी एका माणसानं मला सांगितलं. आमच्या हमालांचा म्होरक्या पश्चिम नेपाळचा. प्रत्येक उन्हाळ्यात यायचा, ड्रिलचा सगळ्यांत जड भाग स्वतः उचलायचा, आणि बर्फातल्या झाकलेल्या भेगा त्याला आमच्यापेक्षा आधी कळायच्या. तो म्हणाला, “मॅडम, पाइप आत जातोय. बांबू आणि पाइप शेजारी शेजारी एकाच उंचीचे ठेवले होते. आता बघा.” बांबू वीतभर उंच दिसत होता. मी त्याला वितळ जागोजागी कशी बदलते ते समजावून सांगितलं. दगडमातीचा थर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा पातळ असेल तर खालचा बर्फ जास्त वितळतो, जाड असेल तर तोच थर त्याला वाचवतो, वगैरे. तो ऐकून घेत होता. संध्याकाळी तंबूत मी बांबूची नोंद अपवादात्मक म्हणून बाजूला काढली. पाइपच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून निघणारी घट कमी होती आणि रडारवाल्या निकालाशी छान जुळत होती. दोन चुका एकमेकींना साक्ष देत होत्या, आणि मी त्याला पडताळणी म्हणत होते. पुढच्या हंगामात एक पाइप उपसून पाहिला तेव्हा बुडाशी हातभर पोकळी होती.

आमच्या लेखांत ‘काठ्या रोवण्यात आल्या’ असं असतं. रोवल्या कुणी, ते नसतं. शेवटी आभार मानतात त्यात अनुदान देणाऱ्या यंत्रणांची नावं, संगणकप्रणालीचं नाव, निनावी परीक्षक. म्होरक्याचं नाव माझ्या एकाही जुन्या लेखात नाही. अलीकडच्या लेखांत सगळ्या हमालांची आणि स्वयंपाक्याची नावं असतात, त्यांना विचारून. एका नियतकालिकानं ती कापायला सांगितली होती. आम्ही लेख दुसरीकडे दिला.

त्याच माणसामुळे माझा एक विद्यार्थी जिवंत आहे. ती गोष्ट सांगायला मला सगळ्यांत जड जातं.

सप्टेंबर संपत आला होता. जलवर्षाच्या अखेरची मोजणी चुकली तर अख्ख्या वर्षाचा हिशोब अडतो, कारण ऑक्टोबरात हिम कधी पडेल सांगता येत नाही. मनालीहून रोहतांग ओलांडून, ग्राम्फूवरून छत्रूच्या रस्त्यानं आम्ही गेलो आणि माझ्या घाईपायी एक मुक्काम गाळला. मनाली साधारण दोन हजार मीटरवर, आमचा तळ चार हजारांच्या जवळ. नियम मलाच माहीत होता, मीच तो वर्गात शिकवत होते: उंचीवर झोपायची जागा हळूहळू वाढवायची. तो मुलगा कोकणातला, पहिल्यांदाच आलेला, उत्साही. दुसऱ्या दिवशी त्याला डोकेदुखी. गोळी दिली. तिसऱ्या दिवशी खोकला. मी म्हटलं, सर्दी आहे. त्यानंही तेच म्हटलं, कारण त्याला मागं राहायचं नव्हतं आणि मला माणूस कमी पडायला नको होता. दोघांच्या सोयीचं निदान एकच होतं. वरच्या काठ्यांकडे जाताना तो दर पंधरा-वीस पावलांवर थांबत होता. मी त्याला म्हणाले, व्यायाम कमी पडतो तुमच्या पिढीला.

रात्री म्होरक्या माझ्या तंबूशी आला. “मॅडम, त्या पोराच्या छातीतून पाण्याचा आवाज येतो. आडवं होता येत नाही त्याला. याला आत्ता खाली न्यायचं.” मी म्हणाले, सकाळी बघू, अंधारात नाला कसा ओलांडणार? तो म्हणाला, नाला रात्रीच ओलांडायचा, रात्री पाणी कमी असतं. हेही मला माहीत असायला हवं होतं. हिमनदीतून येणारा ओढा पहाटे घोट्याइतका असतो आणि दुपारी कमरेपर्यंत चढतो, कारण दिवसाची वितळ खाली यायला तास लागतात. त्यावर मी स्वतः आलेख काढलेले आहेत. त्यानं माझ्या परवानगीची फारशी वाट पाहिली नाही. चौघांनी त्या मुलाला आळीपाळीनं पाठीवर घेतलं, मी टॉर्च धरून मागून चालत होते. जसजसे खाली उतरत गेलो तसतसा त्याचा श्वास सुधारत गेला. रस्त्याला लागल्यावर गाडी मिळाली. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसांत पाणी साचलं होतं. उंचीवर होणारा हा आजार काही तासांतही जीव घेऊ शकतो, आणि पहिला उपाय एकच, खाली उतरणं.

मुलगा बरा झाला. त्यानं पीएचडी सोडली. त्याच्या आईचा फोन आला तेव्हा त्या रागावल्या नाहीत. “मॅडम, तुम्ही होतात म्हणून वाचला,” असं म्हणाल्या. मी त्यांना खरं सांगितलं नाही. सांगितलं ते दोन वर्षांनी, त्यांच्या घरी जाऊन. चहा गार झाला. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आता आमच्या गटात कुणालाही, अगदी स्वयंपाक्यालाही, ‘खाली न्या’ म्हणायचा अधिकार आहे आणि तो शब्द अंतिम असतो. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलात पोचणं फारच सोपं झालं आहे. म्हणून आम्ही मुक्काम वाढवले. विद्यार्थी कुरकुरतात. कुरकुरू देत.

मी अंटार्क्टिकालाही जाऊन आले, त्याबद्दल लोक हमखास विचारतात. सांगण्यासारखं तिथं माझ्या हातून फारसं काही झालं नाही. औलीला आयटीबीपीचं, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचं, प्रशिक्षण, केपटाउनहून विमान, आणि मग भारताचं मैत्री केंद्र, शिर्माकर ओअॅसिसच्या उघड्या खडकावर उभं. मी हिमालयाच्या सवयीनं बेताच्या उंचीच्या काठ्या घेऊन गेले आणि दक्षिणेकडच्या बर्फावर रोवून आले. पुढच्या मोसमात त्यातल्या बहुतेक वाऱ्यानं आणलेल्या हिमाखाली गेल्या होत्या. हिमालयात काठी वितळीनं उघडी पडते, तिथं ती पुरली जाते, एवढी साधी उलटापालट मी धरली नव्हती. भारताचं पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री १९८३-८४ मध्ये तरंगत्या बर्फाच्या थरावर उभारलं गेलं आणि काही वर्षांतच हिमाखाली जाऊ लागलं, म्हणून तर मैत्री खडकावर बांधलं. गोव्याहून १९८१ च्या डिसेंबरात पहिली भारतीय मोहीम निघाली तेव्हापासून हा इतिहास लिहिलेला आहे. मी तो अभिमानानं वाचला होता, माहिती म्हणून वाचला नव्हता.

७ फेब्रुवारी २०२१, रविवार. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेला आणि धौलीगंगेला अचानक लोंढा आला. ऋषिगंगेवरचा वीजप्रकल्प वाहून गेला, तपोवनच्या प्रकल्पाच्या बोगद्यात कामगार अडकले. दुपारपर्यंत माझा फोन तापला. एका मराठी वृत्तवाहिनीवर मी सांगितलं, “बहुतेक हिमतलाव फुटला असावा.” खालच्या पट्टीवर ‘बहुतेक’ उडालं आणि माझं नाव राहिलं. वाहिनीला दोष देण्यात अर्थ नाही. माझ्या सुरातच ‘बहुतेक’ नव्हतं. २०१३ ची केदारनाथची आपत्ती, चोराबाडी तलावाचं फुटणं, हे माझ्या डोक्यात तयार उत्तर होतं. पण केदारनाथ जूनमधलं, मुसळधार पावसातलं. चमोलीच्या वेळी कडाक्याचा हिवाळा होता. फेब्रुवारीत इतकं पाणी आलं कुठून, हा पहिला प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता.

दोन दिवसांत उपग्रहचित्रांतून उत्तर दिसलं. रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ यांचा प्रचंड तुकडा सुटला होता. नंतरच्या अभ्यासात आकडा आला साधारण २ कोटी ७० लाख घनमीटर, त्यातला जवळपास ८० टक्के खडक आणि उरलेला बर्फ. तो सुमारे अठराशे मीटर खाली कोसळला, घर्षणानं बर्फाचं पाणी झालं, आणि चिखल-दगडांचा लोंढा दरीतून धावला. दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. फुटायला तिथं तलावच नव्हता. शेजारच्याच उतारावरून २०१६ मध्येही बर्फ कोसळला होता, हे जुन्या चित्रांत दिसत होतं, आणि ती चित्रं कुणालाही फुकट मिळत होती. मीच कधी उघडली नव्हती. माझं विधान मी मागे घेतलं. वाहिनीनं दाखवलं नाही, तेव्हा तलाव ही बातमी होती, दुरुस्ती नव्हती.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. ऑक्टोबर २०२३ मध्ये, तीन आणि चार तारखेच्या मधल्या रात्री, सिक्कीममध्ये तिस्तेला लोंढा आला आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. पत्रकारांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, घाई नको, आठवडाभर थांबू. या वेळी मात्र तो खरोखर हिमतलाव होता. दक्षिण ल्होनाकचा. हिमोढाचा, म्हणजे हिमनदीनं साठवलेल्या दगडमातीच्या ढिगाचा, मोठा भाग तलावात कोसळून लाट उठली आणि बांध फुटला. हा तलाव धोकादायक आहे असं अभ्यासक कितीतरी वर्षं छापत होते. ते सगळं मी वाचलेलं होतं. कारण ठामपणे सांगायला पुरावा नव्हता, पण हा तलाव धोक्याच्या यादीत आहे, त्याचे ताजे फोटो पाहा, खालच्या गावांना विचारा, एवढं सांगायला पुरेसं होतं. मी गप्प बसले ते पुराव्यासाठी नव्हे. पुन्हा हसं होऊ नये म्हणून.

एवढ्या चुका करूनही ही बाई नोकरीत कशी, असं कुणाला वाटेल. त्याचं कारण असं की हिमनद्या मोजायला माणसंच फार थोडी आहेत, आणि थोड्या माणसांत एकमेकांच्या नोंदी तपासायला कुणाला सवड नसते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सूचीत भारतीय हिमालयातल्या ९,५७५ हिमनद्या आहेत. सलग दहा वर्षांहून अधिक काळ काठ्या रोवून मोजलेल्या त्यांतल्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळं अनुमान आहे, आणि अनुमान करणारी माणसं माझ्यासारखीच आहेत.

महाराष्ट्रात भूगोल, भूशास्त्र, भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच विनंती आहे. डोंगर चढता येणं ही अट नाही, टेबलाशी बसून तपासणारेही हवे आहेत. आमच्या गटाच्या नोंदवह्या, बाजूला काढलेल्या बांबूच्या नोंदींसकट, मागेल त्याला मिळतात. मागवा, आकडे पुन्हा करून पाहा. चूक सापडली तर आधी मला कळवा आणि मग छापा. उलट केलंत तरी माझी तक्रार नाही.